आरोपपत्रापासून आदेशापर्यंत: खात्यांतर्गत चौकशी एचआरच्या नव्या माणसांना कशी शिकवावी

दुसऱ्या पाळीत सुपरवायझर एका ऑपरेटरला सांगतो, ‘आज सात नंबरच्या मशीनवर जा.’ ऑपरेटर नाही म्हणतो. शब्दाने शब्द वाढतो, शिवीगाळ होते, धक्काबुक्की होते. चार-पाच जणांच्या डोळ्यांदेखत घडलेला प्रकार. दुसऱ्या दिवशी एचआरमधून पत्र निघते: ‘आपण काल वरिष्ठांशी उद्धटपणे वागून गंभीर गैरवर्तन केले आहे. आपणास कामावरून का काढून टाकू नये, याचा खुलासा 24 तासांत करावा.’ मग चौकशी लागते, तीन तारखांत आटोपते आणि कामगार बडतर्फ होतो. पुढे प्रकरण कामगार न्यायालयात जाते आणि तिथे चौकशीच रद्दबातल ठरते. धक्का मारला होता की नव्हता, हा प्रश्न तोवर बाजूलाच पडलेला असतो.

त्या पत्रात दोनच वाक्ये आहेत आणि दोन्ही घातक आहेत. पहिल्या वाक्याने गैरवर्तन झाले असे जाहीर करून टाकले, दुसऱ्याने शिक्षाही सांगून टाकली. मग चौकशी कशाची करायची? एचआरच्या नव्या माणसांना कलमे पाठ करून घेण्यात प्रशिक्षणाचा बराच वेळ जातो. खरे शिकवायचे आहे ते हे, की निर्णय चौकशीच्या शेवटी घ्यायचा असतो आणि फाईलमधल्या प्रत्येक कागदावर तसे दिसले पाहिजे. न्यायाधीश त्या रात्री शॉप फ्लोअरवर नव्हते. त्यांच्यासमोर फक्त फाईल असते.

आधी स्थायी आदेश उघडा

घटना कानावर आली की पहिला प्रश्न, हे गैरवर्तन कोणत्या कलमात बसते? 1946 च्या स्थायी आदेश कायद्याखाली कारखान्यांना प्रमाणित स्थायी आदेश, म्हणजे नोकरीच्या अटींची मंजूर नियमावली, असत आणि गैरवर्तनांची यादी त्यातच असे. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता, 2020 लागू झाली आणि तिच्यात स्थायी आदेशांसाठी 300 किंवा अधिक कामगारांची मर्यादा आहे. त्याखालच्या आस्थापनांत नेमणूक पत्र आणि सेवानियम पाहायचे. मर्यादेखाली आहोत म्हणून चौकशीची गरज नाही, असा समज नव्या माणसांमध्ये लगेच पसरतो. तो वेळीच खोडून काढा. माणसाची नोकरी घालवायची तर त्याचे म्हणणे ऐकणे सुटत नाही.

यादीत नसलेले कृत्य गैरवर्तन म्हणून चिकटवता येत नाही. ग्लॅक्सो लॅबोरेटरीजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. त्यामुळे प्रशिक्षणातला पहिला सराव असा ठेवावा: दहा घटना द्या आणि प्रत्येकीला नेमके पोटकलम लावायला सांगा. हमखास चूक होते ती ‘सवयीने’ या शब्दावर. नमुना स्थायी आदेशांत (सरकारने आखून दिलेल्या मसुद्यात) सवयीने उशिरा येणे, सवयीने गैरहजर राहणे, सवयीने हलगर्जीपणा करणे अशी भाषा आहे. एक दिवस उशिरा आलेल्यावर हे कलम लागत नाही. आधीचे उशीर, त्यावर दिलेली समज, लेखी ताकीद हे सगळे फाईलला असेल तरच ‘सवय’ सिद्ध होते. रजा न घेता सलग गैरहजेरीचे कलम मात्र वेगळे आहे. तिथे नमुना आदेश 10 दिवसांपेक्षा जास्त अशी मोजणी करतात.

आता आपल्या ऑपरेटरकडे या. आज्ञाभंगाच्या कलमात वरिष्ठाचा आदेश ‘कायदेशीर व वाजवी’ असावा अशी अट असते. सात नंबरच्या मशीनचे गार्ड (सुरक्षेचे आवरण) काढलेले असेल आणि त्याने आठवड्यापूर्वी तशी तक्रार केली असेल, तर नकार हा आज्ञाभंग राहतोच असे नाही. धक्का मारला हा आरोप तरीही उरतो, पण दोन्हींची गाठ मारून आरोपपत्र काढले तर कमकुवत आरोप भक्कम आरोपालाही सोबत घेऊन बुडतो. नकार का दिला, हे विचारल्याशिवाय पेन उचलू नये.

पहिले दोन दिवस

प्राथमिक तपास म्हणजे चौकशी नव्हे. आरोप ठेवण्याइतका मजकूर आहे का, एवढेच त्यात पाहायचे. सुपरवायझरची लेखी तक्रार शक्यतो त्याच पाळीत घ्या, त्याच्या स्वतःच्या शब्दांत आणि सहीनिशी. एचआरने टाइप करून सहीला पुढे केलेली तक्रार उलटतपासणीत पहिल्या पाच मिनिटांत उघडी पडते. जवळच्या कामगारांचे जबाब वेगवेगळे बसवून घ्या. सगळ्यांचे जबाब शब्दशः सारखे निघाले तर त्यांची किंमत शून्य होते. सीसीटीव्हीचे चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जाते, म्हणून ते लगेच उतरवून घ्या आणि कोणी, कधी, कोणत्या यंत्रावरून उतरवले याची नोंद ठेवा. मस्टर, पाळीचे वेळापत्रक, मशीनच्या दुरुस्तीची वही यांच्या प्रती काढा. चोरीचे प्रकरण असेल तर गेटवरच पंचनामा करा. माल मोजून किंवा वजन करून सीलबंद करावा, दोन पंचांच्या सह्या घ्याव्यात आणि ज्याच्याकडे सापडला त्याचे म्हणणेही तिथेच लिहावे.

या टप्प्यावर घेतलेले जबाब पुढे आपोआप पुरावा होत नाहीत. ज्याने जबाब दिला तो चौकशीत येऊन बोलला पाहिजे आणि कामगाराला त्याला प्रश्न विचारता आले पाहिजेत. मीनग्लास टी इस्टेटच्या 1963 च्या निकालापासून हा नियम पक्का आहे.

तपासाअंती पुष्कळ प्रकरणे आरोपपत्राच्या लायकीची नसतात, असेही दिसून येते. समोर बसवून समज द्या, लेखी ताकीद द्या आणि विषय मिटवा. प्रत्येक कुरबुरीची चौकशी लावणारा एचआर विभाग युनियनचा विश्वास गमावतो, आणि खरोखर गंभीर प्रकरण येते तेव्हा साक्षीला कोणी पुढे येत नाही.

आरोपपत्र

सगळ्यात जास्त सराव इथे हवा. वरच्या घटनेचे आरोपपत्र साधारण असे लिहावे:

‘दिनांक 12 मार्च रोजी दुसऱ्या पाळीत, रात्री सुमारे 8:20 वाजता, प्रेस शॉपमधील मशीन क्रमांक 7 जवळ, सुपरवायझर श्री. अमुक यांनी आपणास सदर मशीनवर काम करण्यास सांगितले असता आपण नकार दिला व त्यांना उद्देशून “...” असे शब्द उच्चारले. त्यानंतर आपण दोन्ही हातांनी त्यांच्या छातीवर ढकलले, त्यामुळे ते मागील रॅकवर आदळले. वरील कृत्ये सिद्ध झाल्यास ती स्थायी आदेशांतील कलम अमुक, पोटकलम अमुक व तमुक अन्वये गैरवर्तन ठरतात. याबाबत आपला लेखी खुलासा हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत सादर करावा.’

‘सिद्ध झाल्यास’ हे दोन शब्द विसरू नका. ‘उद्धट वर्तन’ हा शेरा आहे, आरोप नव्हे. काय बोलला ते जसेच्या तसे लिहा, शिवी असली तरी. लाजेखातर ‘अर्वाच्य भाषा वापरली’ असे लिहिले की कामगाराला नेमके कशाचे उत्तर द्यायचे तेच कळत नाही, आणि साक्षीदाराच्या तोंडचे शब्द आरोपाशी ताडूनही पाहता येत नाहीत. एका परिच्छेदात एकच कृत्य घ्या. तारीख, वेळ, जागा यांत एकही चूक नको. पाळी रात्री बारानंतर चालू असेल तर तारीख बदलते, आणि नेमकी हीच गोष्ट निसटते.

सोबत कागदपत्रांची आणि साक्षीदारांची यादी जोडा. भाषा कामगाराला वाचता येणारी हवी. सही अधिकार असलेल्या व्यक्तीचीच हवी. शिक्षा ठरवताना मागचा इतिहास जमेस धरणार असाल तर त्याची कल्पना कामगाराला आधी द्यावी लागते, म्हणून तो आरोपपत्रातच नमूद केलेला बरा. ज्या गोष्टीवर त्याला बोलायची संधीच मिळाली नाही, तिच्यावर शिक्षा वाढवता येत नाही.

आरोपपत्र बजावणे हेही शिकवावे लागते. हातोहात द्यावे आणि पोच घ्यावी. नकार दिला तर मजकूर वाचून दाखवून दोन साक्षीदारांच्या सहीने तशी नोंद करावी. मग शेवटच्या ज्ञात पत्त्यावर टपालाने पाठवावे आणि सूचना फलकावर लावावे. परत आलेले पाकीट न फोडता फाईलला लावावे, कारण ते पाकीट हाच तुमचा पुरावा असतो.

चौकशीपुरते निलंबन म्हणजे शिक्षा नव्हे

माणूस आत असल्याने साक्षीदारांवर दबाव येईल, पुरावा नाहीसा होईल किंवा पुन्हा मारामारी होईल अशी भीती असेल, तरच चौकशी होईपर्यंत निलंबन करावे. त्या काळात निर्वाह भत्ता द्यावा लागतो. पहिल्या 90 दिवसांसाठी तो वेतनाच्या 50 टक्के असतो. उशीर कामगाराच्या वागण्यामुळे झालेला नसेल तर पुढच्या काळासाठी 75 टक्के. महिना 24,000 रुपये वेतन असेल तर आधी 12,000 आणि नंतर 18,000. निलंबित कामगाराची चौकशी सर्वसाधारणपणे 90 दिवसांत पुरी करावी, असे नवी संहिता सांगते.

भत्ता थकवणे ही पगारपत्रकातली किरकोळ चूक वाटते, पण तिने अख्खी चौकशी बुडू शकते. भारत गोल्ड माइन्सच्या 1999 च्या प्रकरणात नेमके हेच झाले. भत्ता न मिळाल्याने कर्मचारी चौकशीच्या ठिकाणी येऊ शकला नाही, चौकशी एकतर्फी झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती मानली नाही. निलंबनाचा आदेश निघाला त्याच दिवशी पगार विभागाला लेखी कळवायचे, हा नियम करून टाका.

चौकशीची खोली

चौकशीची पाच अंगे सूर एनॅमल कंपनीच्या 1963 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मांडली आणि आजही शिकवायला तेवढी पुरतात: आरोप स्पष्ट सांगितलेले असावेत; साक्षीदार कामगाराच्या समक्ष तपासलेले असावेत; त्याला उलटतपासणीची रास्त संधी असावी; स्वतःची आणि आपल्या साक्षीदारांची साक्ष देण्याची संधी असावी; आणि चौकशी अधिकाऱ्याने कारणांसह निष्कर्ष लिहावेत.

चौकशी अधिकारी तक्रारदार नसावा, साक्षीदार नसावा आणि प्राथमिक तपास करणाराही नसलेला बरा. व्यवस्थापनाची बाजू सादरकर्ता अधिकारी मांडतो. ही दोन कामे एकाच माणसाने केली की पक्षपाताचा आक्षेप आयताच मिळतो. साक्षीदाराला स्पष्टीकरणापुरते प्रश्न चौकशी अधिकारी विचारू शकतो. अडचणीच्या उत्तराची डागडुजी करणारे प्रश्न त्याने विचारू नयेत.

कामगाराला बचाव प्रतिनिधी हवा असतो. तो सहकारी किंवा युनियनचा पदाधिकारी असू शकतो, कोणाला घेता येईल ते स्थायी आदेश सांगतात. वकील देणे सहसा बंधनकारक नसते. पण व्यवस्थापनाने कायद्याचा जाणकार माणूस सादरकर्ता म्हणून बसवला तर कामगारालाही तशी मदत नाकारता येत नाही. मुंबई बंदर विश्वस्त मंडळाच्या प्रकरणातला हा निकाल मुंबई-पुण्यातल्या प्रत्येक युनियन पुढाऱ्याला माहीत असतो. एचआरच्या माणसालाही तो माहीत हवा.

क्रम पाळा. पहिल्या बैठकीत आरोप वाचून दाखवायचे, कबूल आहेत का ते विचारायचे आणि कार्यपद्धती समजावून सांगायची. मग व्यवस्थापनाचे साक्षीदार: सरतपासणी (बोलावणाऱ्या बाजूचे प्रश्न), उलटतपासणी (समोरच्या बाजूचे प्रश्न), गरज पडल्यास फेरतपासणी. त्यानंतर बचावाचे साक्षीदार आणि शेवटी दोन्हीकडचे म्हणणे. सुरुवातीलाच कामगाराला उभे करून प्रश्नांची फैर झाडणे हा नवशिक्यांचा आवडता मार्ग असतो आणि न्यायालयांनी तो स्पष्ट नाकारला आहे. आरोप सिद्ध करायचा भार व्यवस्थापनावर आहे.

रोजनामा, म्हणजे प्रत्येक बैठकीच्या कामकाजाची नोंद, त्याच जागी, त्याच वेळी लिहा. वेळ, हजर असलेले, प्रत्येक विनंती, तिच्यावरचा निर्णय आणि त्याचे कारण, सगळे त्यात यावे. प्रत्येक पानावर सगळ्यांच्या सह्या घ्या आणि प्रत लगेच द्या. कामगाराने सही नाकारली तर तसे लिहा, भांडू नका. त्याने मागितलेला कागद नाकारायचा असेल तर तो कागद विषयाशी का संबंधित नाही, हे एका ओळीत लिहा. मशीन सातच्या दुरुस्तीची वही मागितली असेल तर मात्र द्यावीच लागेल.

कामगार आलाच नाही तर? पहिल्यांदा तारीख पुढे ढकला आणि नवी तारीख लेखी कळवा. ‘गैरहजर राहिल्यास चौकशी एकतर्फी चालवली जाईल’ असेही त्यात लिहा. तरीही आला नाही तर चौकशी चालवा, पण चालवाच. एकतर्फी चौकशीतही साक्षीदार तपासावे लागतात, कागद सिद्ध करावे लागतात आणि रोजनाम्याची प्रत त्याला पाठवावी लागते. ‘कामगार गैरहजर, सबब आरोप सिद्ध’ असा निष्कर्ष कुठेही टिकत नाही.

किती पुरावा पुरतो

फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा इथे लागत नाही. शक्यता कोणत्या बाजूला जास्त झुकते, ते पाहायचे. पुरावा कायद्याचे काटेकोर नियमही लागू नाहीत. हरियाणातल्या एका बस कंडक्टरच्या प्रकरणात, तिकिटे न दिलेल्या प्रवाशांचे जबाब घेतले नव्हते म्हणून चौकशी खोटी ठरत नाही, तपासनिसाची साक्ष पुरेशी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये म्हटले. ही सवलत आहे, पण तिचा अर्थ ऐकीव गोष्टीवर नोकरी घालवता येते असा नाही. ‘मला अमुकने सांगितले’ असे म्हणणारा साक्षीदार असेल तर त्या अमुकलाच बोलवा.

पोलिसांत गुन्हा दाखल असला तरी चौकशी थांबवलीच पाहिजे असे नाही. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. आरोप तोच, पुरावा तोच आणि कायद्याचे गुंतागुंतीचे प्रश्न असतील तेव्हा मात्र थांबण्याचा विचार होतो.

लैंगिक छळाच्या तक्रारीचा रस्ता वेगळा आहे. 2013 च्या कायद्यानुसार ती अंतर्गत समितीकडे जाते, समिती 90 दिवसांत चौकशी पुरी करते आणि तिचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईचा चौकशी अहवाल मानला जातो. त्यावर दुसरी चौकशी बसवणे म्हणजे तक्रारदार महिलेला तोच त्रास पुन्हा सोसायला लावणे.

अहवालापासून आदेशापर्यंत

चौकशी अधिकाऱ्याने प्रत्येक आरोपावर वेगळा निष्कर्ष द्यावा. कोणाच्या साक्षीवर विश्वास ठेवला आणि कोणाच्या का ठेवला नाही, ते लिहावे. शिक्षा सुचवू नये, ते त्याचे काम नाही. अहवालाची प्रत कामगाराला देऊन त्याचे म्हणणे घेतल्यावरच शिक्षा ठरवता येते. ईसीआयएल विरुद्ध करुणाकर या 1993 च्या घटनापीठाच्या निकालाने हे सरकारी आणि खासगी दोन्ही मालकांना बंधनकारक केले. घाईत नेमकी हीच पायरी गळते.

शिक्षा ठरवताना गैरवर्तनाचे गांभीर्य, मागचा इतिहास आणि सौम्य किंवा गंभीर करणारी परिस्थिती, तिन्हींचा विचार केल्याचे आदेशात दिसले पाहिजे. वीस वर्षे डाग नसलेल्या माणसाने चिथावणीनंतर एकदा धक्का मारला, तर बडतर्फी टिकेल का, याचा विचार सही करण्याआधी करा. 1971 मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात कलम 11अ आले तेव्हापासून न्यायालयाला बडतर्फीची शिक्षा बदलण्याचा अधिकार आहे आणि नव्या संहितेतही तो कायम आहे. वेतनवाढ रोखणे, ठरावीक दिवस बिनपगारी निलंबन, पदावनती यांपैकी स्थायी आदेशांत ज्या शिक्षा असतील त्याच देता येतात. मनाने नवी शिक्षा काढता येत नाही.

आदेश निघण्याआधी आणखी एक गोष्ट तपासा. त्या कामगाराशी संबंधित एखादा औद्योगिक वाद न्यायाधिकरणापुढे किंवा समेट अधिकाऱ्यापुढे चालू आहे का? असेल आणि गैरवर्तनाचा त्या वादाशी संबंध नसेल, तर बडतर्फ करताना एका महिन्याचे वेतन द्यावे लागते आणि त्याच वेळी मंजुरीसाठी अर्ज करावा लागतो. संबंध असेल तर आधी लेखी परवानगीच लागते. ही तरतूद पूर्वी औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 33 मध्ये होती, आता संहितेच्या कलम 90 मध्ये आहे. मंजुरीच घेतली नाही तर बडतर्फी मुळातच निष्फळ ठरते, असे घटनापीठाने 2002 मध्ये सांगितले.

महाराष्ट्रातल्या माणसांना कामगार संघटनांविषयीच्या 1971 च्या राज्य कायद्याची चौथी अनुसूची मुद्दाम वाचायला द्यावी. सूडबुद्धीने काढणे, धडधडीत खोट्या कारणांसाठी काढणे, चौकशीत नैसर्गिक न्याय पायदळी तुडवणे किंवा अवाजवी घाई करणे, किरकोळ गैरवर्तनाला धक्कादायक शिक्षा देणे, अशी अनुचित प्रथांची यादीच तिच्या पहिल्या नोंदीत आहे. चौकशीतल्या चुकांची इतकी आटोपशीर उजळणी दुसरीकडे क्वचितच मिळेल.

प्रशिक्षणाचे तीन दिवस

व्याख्यानाला अर्धा दिवस पुरतो. उरलेल्या वेळात लिहायला लावा. पहिल्या दिवशी एकाच घटनेवर प्रत्येकाने आरोपपत्र लिहावे आणि शेजाऱ्याने बचाव प्रतिनिधीच्या नजरेने त्यात भोके पाडावीत. दुसऱ्या दिवशी पूर्ण नमुना चौकशी चालवावी. एचआरच्या अनुभवी माणसाला सादरकर्ता करण्याऐवजी कामगाराच्या बाजूला बसवा. प्रत मिळाली नाही, साक्षीदार पढवलेला आहे, तारीख पुढे हवी, हे त्याने म्हणायचे आणि चौकशी अधिकाऱ्याने तिथल्या तिथे कारणासह निर्णय लिहायचा. अशा अडवणुकीतून रोजनामा लिहिण्याचा हात बसतो. तिसऱ्या दिवशी त्या रोजनाम्यावरून निष्कर्ष लिहून घ्या, पण नमुना चौकशीत हजर नसलेल्या माणसाकडून. त्याला जे कळले नाही ते कागदावर आलेले नाही, एवढे पक्के समजा.

सुपरवायझरांनाही अर्धा दिवस बसवा. पहिली तक्रार त्यांच्याच हातची असते. आणि तक्रार निवारण समितीचे काम सगळ्यांना समजावून सांगा. 20 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत ती असावी लागते, दोन्ही बाजूंचे समान मिळून जास्तीत जास्त दहा सदस्य असतात आणि अर्जाचे काम 30 दिवसांत संपवायचे असते. सात नंबरच्या मशीनच्या गार्डची तक्रार त्या समितीपुढे वेळेवर आली असती, तर कदाचित त्या रात्रीचा वाद झालाच नसता.